न विचारता घेतलेली मोटारसायकल

मी मोटारसायकल घेतली तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि मला ती चालवता येत नव्हती. लोक आधी शिकतात आणि मग गाडी घेतात. माझं उलटं झालं, कारण मला थांबायला वेळ नव्हता. माझी शाळा पुणतांब्याच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, दोन शिक्षकांची. मी राहात्याला आईबरोबर राहते. पूर्वी सकाळची एसटी मला फाट्यावर सोडायची, पुढे वस्तीपर्यंत मी चालत जायचे. ती फेरी बंद झाली. मग काळी-पिवळी जीप. जीपवाला गाडी पुरती भरल्याशिवाय हलत नसे, आणि मी पोचेपर्यंत पोरं प्रार्थना उरकून वर्गात दंगा करत असायची.

शाळेतले दुसरे शिक्षक, आमचे सर, निवृत्तीच्या जवळ आलेले. ते म्हणाले, "मॅडम, स्कुटीच्या नादी लागू नका. पावसाळ्यात आपल्या रस्त्यावर तिची बारकी चाकं रुतून बसतील. जुनी शंभर सीसीची मोटारसायकल बघू. हलकी असते, पडली तरी एकट्या माणसाला उचलता येते."

मनातून मला हेच ऐकायचं होतं. माझ्या लहानपणी वडील भावाला पुढे टाकीवर बसवायचे आणि मला मागे. टाकीवरून रस्ता दिसतो. मागून वडिलांची पाठ दिसते. ती पाठ मला आवडायची, पण रस्ताही बघायचा होताच.

सरांनी आठ-दहा दिवसांत गाडी शोधली. आमच्या जाण्यायेण्याच्या डांबरी रस्त्यावर एक गाव लागतं, तिथला एक माणूस साखर कारखान्यात कामाला होता. गाडी त्याच्या वडिलांची होती. आम्ही बघायला येतो म्हटल्यावर तो फोनवर घाईने म्हणाला, "घरी नको सर. मीच राहात्याला घेऊन येतो."

राहात्याच्या बाजारतळावर तो दुपारी गाडी घेऊन आला. बाजाराचा वार नव्हता, सगळं मोकळं होतं. काळ्या रंगाची, लाल पट्टा असलेली गाडी, जुनी पण नीट पुसून ठेवलेली. टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने दोन मुलींची नावं लिहिली होती, एकाखाली एक. "माझ्या पोरी," तो म्हणाला. "वडलांनी पेंटरकडून लिहून घेतलंय."

सरांनी गाडी बघायला सुरुवात केली. चेन हलवून पाहिली, पुढचं चाक दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे ओढून पाहिलं, आरसी बुकावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी पडताळला. मग किक मारून कान देऊन ऐकत राहिले. धूर नव्हता. इंजिन एका लयीत चालत होतं. "म्हाताऱ्यानं जपलीय," सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "घेऊन टाका."

तोवर मी गाडीवर बसलेही होते. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. हँडलच्या मुठी हातांनी घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

मग त्या माणसाने पिशवीतून आरटीओचे फॉर्म काढले. वडिलांची सही आधीच करून आणलेली होती. मी शिक्षिका आहे, रोज पोरांचं अक्षर बघते. ती सही मी क्षणभर जास्तच बघितली. ती छापील रेषेवर नव्हती. रेषेच्या खालून सुरू होऊन वरच्या मजकुरात घुसली होती. ज्याला रेष दिसत नाही, अशा माणसाची सही होती ती.

मी विचारलं, "वडिलांना माहीत आहे ना?"

त्याने माझ्याऐवजी सरांकडे बघून उत्तर दिलं. "सांगू की हळूहळू. त्यांना काचबिंदू हाय मॅडम. एका डोळ्यानं दिसतच न्हाई, दुसऱ्यानं निम्मं. दोनदा गाडीसकट पाटाच्या चारीत पडलेत. तरी चावी सोडत न्हाईत. आता बहिणीनं श्रीरामपूरला नेलंय, ऑपरेशनला. तेवढ्यात उरकून घेतो."

"मग सही?"

"दवाखान्याच्या कागदांबरोबर घेतली." एवढं बोलून त्याने पिशवी आवळली. नंतर म्हणाला, "तुमीच सांगा, एखाद्या दिवशी ट्रकखाली गेले तर?"

हा प्रश्न मला सोयीचाच होता. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की वडील येऊ देत, त्यांच्याशी मी बोलते, मग गाडी नेते. हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण वडील नाही म्हणाले असते तर? मी ते वाक्य गिळलं आणि गाडीची चावी पर्समध्ये टाकली.

निघताना तो म्हणाला, "एक करा मॅडम. थोडे महिने आमच्या गावावरून गाडी नेऊ नका. पाटाच्या रस्त्यानं जा. लांब पडंल जरा, पण रहदारी बी कमी."

"बरं," मी म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस मी बाजारतळावर मोटारसायकल शिकले. क्लच सोडला की गाडी गचका देऊन बंद पडायची. सर बाजूने पळत ओरडायचे, "हळू सोडा, हळू!" त्यांना धाप लागायची आणि मला हसू यायचं. आई पाण्याची बाटली घेऊन लिंबाखाली उभी असायची. मी दोनदा पडले, एकदा गुडघा फुटला. मग एका संध्याकाळी पहिल्यावरून दुसरा गिअर गचका न बसता पडला, आणि मी अख्ख्या तळाला फेरी मारून आईसमोर येऊन थांबले. आई म्हणाली, "तुझे पप्पा पाहिजे होते आज."

लायसन्स हातात आल्यावर मी पाटाच्या रस्त्याने शाळेत जायला लागले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि पेरूच्या बागा. सकाळी त्या रस्त्याला कुणी नसायचं. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने गाणी म्हणायचे. शाळेत पोरं गाडीभोवती गोळा व्हायची. इतकं चांगलं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. हे सांगायला हवं, कारण पुढे जे केलं ते हा आनंद हातातून जाऊ नये म्हणूनच केलं.

महिना-सव्वा महिना गेला असेल. आमच्या शाळेत खिचडी शिजवायला एक मावशी येतात. त्यांचं माहेर त्याच डांबरी रस्त्यावरच्या गावचं. एक दिवस तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्या गावात लई वाईट झालं बगा. त्या काटेवाल्या बाबांची गाडी चोरीला गेली."

काटेवाले बाबा म्हणजे कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले म्हातारे. म्हणजे माझ्या गाडीचे मालक. गाडी शाळेच्या दारातच उभी होती, पण मावशी सासरी राहणाऱ्या; त्यांनी ती पूर्वी कधी पाहिली नव्हती.

मी हातातलं हजेरीपुस्तक मिटलं. "चोरीला?"

"व्हय की. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्ते. जाताना गाडी पंक्चरवाल्याकडं टाकून गेले, नवीन ट्यूब टाकायला. त्यानं ट्यूब टाकून गाडी घरी आनून लावली आन चावी पडवीतल्या खुट्टीला अडकिवली. म्हंतो तसं. बाबा आले तर गाडी न्हाई. कुलूप तोडल्यालं न्हाई, कायी न्हाई. चावीच न्हाई जाग्यावर. मग चावी कुटं हाय ते ठाव कुनाला हुतं? त्यालाच. आता समदं गाव त्याला चोर म्हनतंय."

"आणि बाबांचा मुलगा काय म्हणतो?"

"त्यो काय म्हनणार. त्यो म्हनतो, जाऊंद्या झालं."

मावशींनी मग त्या दोघांबद्दल सांगितलं. पंक्चरवाल्याची टपरी गावच्या स्टँडवर. बाबा वीस वर्षं रोज सकाळी तिथे बसून त्याला पेपर वाचून दाखवायचे, कारण त्याला वाचता येत नव्हतं. बाबांची नजर गेल्यावर वाचणं थांबलं, पण बसणं थांबलं नव्हतं. आता बाबा तिकडे फिरकत नव्हते आणि गावातले लोक पंक्चर काढायला पुढच्या गावापर्यंत गाडी ढकलत नेत होते.

त्या दिवशी मी चौथीला भागाकार शिकवत होते. फळ्यावर एकच उदाहरण मी दोनदा चुकवलं. एका मुलीने उभं राहून चूक दाखवली.

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागे जाऊन बाबांच्या मुलाला फोन लावला. "तुम्ही गाडी चोरीला गेली म्हणून सांगितलंत?"

तो म्हणाला, "काय करू मॅडम? विकली म्हनलो असतो तर त्यांनी जेवान सोडलं असतं. माझं तोंड बघितलं नसतं. चोरी म्हनलं तर राग कुनावर धरणार, असं वाटलं. माझ्या डोक्यातच आलं न्हाई की ते पंक्चरवाल्याचं नाव घेतील."

"मग आता तरी सांगा."

"आता कसं सांगू? गाव तोंडात शेण घालंल माझ्या. थोडं थांबा. मी बघतो." आणि मग थोड्या वेगळ्या आवाजात, "तुमी मधी पडू नका मॅडम. सहीचं बी निघंल मग. तुमी नोकरीवाल्या. सही बघून तुमीच इच्यारलं हुतं, आन तरी गाडी घेतली."

त्याने धमकी दिली असं मी म्हणणार नाही. तो घाबरला होता, आणि खरं तेच बोलला होता. मी फोन ठेवला. सर निवृत्तीआधीच्या रजेवर गेले होते, त्यांनाही मी काही कळवलं नाही. डोळ्यांपुढे चौकशी, पंचायत समितीचं कार्यालय, पेपरात बातमी असं सगळं येऊन गेलं. पंक्चरवाल्याचा चेहरा मात्र आला नाही, कारण तो मी पाहिलाच नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना, मी अंगणात गाडी घेतली आणि टाकीवरची ती दोन नावं खरवडायला बसले. आधी रॉकेलचं फडकं घेतलं. पेंट जुना होता, निघेना. मग ब्लेड घेतलं. एकेक अक्षर खरवडताना बारीक पांढरे कपटे माझ्या पदरावर पडत होते. पहिलं नाव तीन अक्षरी होतं, दुसरं दोन. माझ्या वर्गात त्या दुसऱ्या नावाची एक मुलगी आहे. दोन्ही नावं गेली, पण तिथे ओरखडे उठले. त्यावर मी एक फुलाचं स्टिकर आणून चिकटवलं. आई उठल्यावर म्हणाली, "छान दिसतं." मी हात तीनदा धुतले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशींनी पुढची बातमी आणली. पंक्चरवाल्याला गावातल्या चार माणसांनी सांगितलं, तू खरा असशील तर शिंगणापूरला जाऊन शनिदेवासमोर शपथ घे. आमच्या जिल्ह्यात असं सांगणं साधं नसतं. ज्या गावात घरांना दारं लावत नाहीत, तिथे चोराने खोटी शपथ घ्यावी, हे कुणाच्या कल्पनेत बसत नाही. तो गेला. गावातली दोन माणसं साक्षीला बरोबर गेली. त्याने शपथ घेतली आणि परत येऊन सरळ बाबांच्या दारात उभा राहिला.

"बाबा म्हनले," मावशी सांगत होत्या, "ज्याला कशाचंच भ्या न्हाई त्यो शपथ बी खातो. मग त्यो बी भडकला. म्हनला, शिंगणापुरात चोराचे डोळे जात्यात म्हनं. मग माझे शाबूत हायत आन तुमचे का गेले? असं बोलला मॅडम. इतक्या वर्सांचा दोस्त. बाबा मटकन खालीच बसले."

मावशी मला म्हणाल्या, "तुमाला बरं न्हाई का? तोंड उतरलंय."

त्यांना वाटलं, मला पित्त झालं. त्यांनी मला लिंबूपाणी करून दिलं. ते मी प्याले.

आम्ही ख्रिस्ती. पणजोबांच्याही आधीपासून. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी पाळकसाहेब सांगतात, प्रत्येकाने आधी आपलं मन तपासावं, कुणाशी काही राहिलं असेल तर ते मिटवून मग यावं. लहानपणापासून ऐकलेली वाक्यं. त्या रविवारी आमच्या बाकाची पाळी आली, सगळे उठले, आणि मला उठता आलं नाही. आई पुढे दोन पावलं गेली, वळली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेली. घरी येऊन तिने गॅसवर चहा ठेवला आणि मग म्हणाली, "काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. सहीपासून ब्लेडपर्यंत. मला वाटलं होतं ती बाबांच्या मुलाला दोष देईल, निदान थोडा तरी. तिने दिला नाही.

"त्या पंक्चरवाल्याला घरी कोण कोण आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"विचारलंही नाहीस." तिने गॅस बंद केला. "चहा घे आणि आज जा. उद्यावर टाकलंस तर तू जाणार नाहीस, मी तुला ओळखते."

मी बाबांच्या मुलाला फोन करून सांगितलं की मी येते आहे. तो म्हणाला, "मॅडम, पाया पडतो." मी फोन बंद केला. पहिल्यांदाच मी त्या गाडीवरून डांबरी रस्त्याने निघाले. फाट्यावर क्लच झटक्यात सुटून गाडी दोनदा बंद पडली.

स्टँडवरची टपरी लगेच सापडली. जुन्या टायरांचा ढीग, पाण्याची लोखंडी घमेली, हवेची टाकी. एक पन्नाशीचा बारीक माणूस रिकाम्या बाकावर बसला होता. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो गाडीकडे बघत होता. उठून जवळ आला, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, हँडलखाली हात घालून काहीतरी चाचपलं, खूण पटवावी तसं. मग तसाच बसून म्हणाला, "ही कुनाकडून घेतली?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. गाडी कधी घेतली, मला केव्हा कळलं, आणि कळल्यावर किती दिवस मी गप्प राहिले. त्या शेवटच्या भागापाशी त्याने मान वर केली.

"शिंगणापूरला जायच्या आधी ठाव हुतं तुमाला?"

"हो."

"तुमी मॅडम ना? शाळेतल्या?"

"हो."

तो उठला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, टपरीचं फळकूट लावलं आणि म्हणाला, "चला. त्यांच्यापुढं बोला हे."

"बसा मागे," मी म्हणाले.

"मी चालत येतो."

तो चालला, आणि मी गाडी बंद करून त्याच्या मागे ढकलत नेली. गल्लीतली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. एकाने गाडी ओळखली असावी, कारण मागे कुजबुज सुरू झाली.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा. मुलगा दारातच उभा होता, चेहरा राखेसारखा. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी मुलाकडे न बघता. बाबांनी मध्येच एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर ते उठले, भिंतीला हात लावत पायरी उतरले आणि गाडीपाशी आले. त्यांनी मुठी चाचपल्या, सीट चाचपली, मग तळहात टाकीवर फिरवला. अंगठा एका जागी थांबला.

"नावं कुठं गेली?"

"मी खरवडली," मी म्हणाले. "कुणी ओळखू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगितला आणि त्यांना तो समजला. मग पंक्चरवाल्याचा आवाज कुठून येईल त्याचा अंदाज घेत ते त्या दिशेला वळले. शेवटी एवढंच म्हणाले, "बस. चहा टाकायला सांगतो."

"बसायला न्हाई आलो," पंक्चरवाला म्हणाला. "ऐकायला आलो हुतो. ऐकलं." आणि तो गल्लीने निघून गेला. बाबा त्याच्या चपलांचा आवाज संपेपर्यंत तसेच उभे होते.

मग ते मला म्हणाले, "तुमी मला इच्यारलं असतं तर मी न्हाईच म्हनलो असतो. ते तुमाला ठाव हुतं."

"हो."

"म्हनून इच्यारलं न्हाई."

"हो."

"चावी द्या. गाडी राहू द्या हितं."

मी चावी त्यांच्या हातात ठेवली. मुलगा पैशाचं काही बोलायला लागला, तर बाबांनी हाताने त्याला गप्प केलं. मी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा मागून सून धावत आली. माझ्याच वयाची असेल. मला वाटलं, आभार मानेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "मॅडम, तुमी बरं केलं का वाईट, मला समजंना. ते उद्या पुन्हा गाडीवर बसतील. मग मी काय करू?"

याचाही मी विचार केला नव्हता. मला फक्त माझं ओझं उतरवायचं होतं.

तिचं खरं ठरलं. दोन आठवड्यांनी मावशींनी सांगितलं, बाबा भल्या सकाळी गाडी काढून स्टँडकडे निघाले होते. टपरी दोनशे पावलांवर आली असेल, तोच वळणावर पडले. हाताचं मनगट मोडलं. लोक म्हणत होते, माफी मागायला निघाले होते. बाबा स्वतः काही सांगत नव्हते.

मी भेटायला गेले. जीपने गेले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी दारातूनच म्हणाले, "माझ्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळं कशाला? खड्ड्यामुळं झालं," ते म्हणाले, आणि थोडं हसले. मग हसू ओसरलं. "पोरानं मला फसिवलं ते मी इसरन. त्यानं भ्यापोटी केलं. पर मी त्या मानसाला जे बोललो, ते कुनाच्या भ्यापोटी बोललो? मला सांगा."

सुनेने चहा आणला. चहा झाल्यावर बाबांनी उशाखालून चावी काढली आणि माझ्यासमोर धरली. "आता मी देतो. घेऊन जा. हितं राहिली तर मी पुन्हा बसन." मी घेईना, तर ते चिडले. "घ्या म्हनतो ना! आता तरी माझं ऐका."

त्या दिवशी मी गाडी घेऊन आले. मुलगा गावच्या हद्दीपर्यंत माझ्यामागे दुसऱ्या गाडीवर आला आणि तिथून वळला. तेव्हापासून तो मला दिसला की नमस्कार करतो, मीही करते. आम्ही दोघंही थांबत नाही.

पंक्चरवाल्याने गाव सोडलं नाही, पण टपरी हलवली. आता ती राहात्याच्या बाजूला, पेट्रोल पंपाच्या अलीकडे आहे. गावातल्या लोकांनी त्याला परत स्टँडवर बोलावलं, असं मावशी म्हणाल्या. तो गेला नाही. बाबाही एकदा नातीचा हात धरून त्याच्याकडे गेले होते. तो उठला, त्यांना बसायला बाक पुसून दिला, आणि हवेची टाकी चालू केली. त्या आवाजात काय बोलणं होणार? बाबा तासभर बसून परत आले.

मी रोज त्या टपरीवरून जाते, मान पुढे ठेवून. मागच्या उन्हाळ्यात नेमकं तिथेच, पंपाच्या पुढे, मागचं चाक बसलं. उतरून बघितलं, खिळा घुसला होता. मागे टपरी शंभर पावलांवर होती. पुढची टपरी थेट गावात. मी गाडी पुढे ढकलायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून हाक आली, "ओ मॅडम! रिमवर ढकलू नका, ट्यूब फाटंल."

मी गाडी मागे नेली. त्याने चाक उघडलं, ट्यूब काढून पाण्यात धरली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथे खूण केली, कानशीने घासलं, ठिगळ लावलं. मी बाजूला उभी होते. बोलायचं ठरवून ठेवलेलं बरंच होतं, महिनोन्‌महिने मनात जुळवलेलं. एकदा सुरुवातही केली, "मी त्या दिवशी..."

"जरा हे धरा," तो म्हणाला आणि पाना माझ्या हातात दिला.

मी पाना धरून उभी राहिले. त्याने चाक बसवलं, नट आवळले, पाना परत घेतला, हवा भरली. काम झाल्यावर त्याने टायरवर हात फिरवला.

"हे टायर गेलंय. पावसाच्या आत बदला. वल्या रस्त्यावर घसरंल."

"बदलते," मी म्हणाले.

तोवर एक टेम्पोवाला येऊन थांबला होता. तो त्याच्याकडे वळला आणि विचारलं, "कुठलं चाक, म्होरलं का मागलं?"